इंजिन एक म्हणजे मोड नव्हे!

'सेलॅको हा शूटर गेम? तो जुन्या डूम गेमचा मोड ना, त्यावरच चढवलेला बदल?' नाही हो, नाही! किती वेळा सांगायचं? सेलॅको जीझेडडूम इंजिनवर (डूमच्या कोडवरून निघालेला, गेम चालवणारा प्रोग्राम) बनलाय, नातं तिथेच संपलं. नकाशे, बंदुका, आवाज सगळं त्याचं स्वतःचं. तुमच्याकडे डूम नसला तरी बिनबोभाट चालतो. मोड म्हणजे ब्रूटल डूम. नुसती त्याची फाईल इंजिनला देऊन बघा. डूमची मूळ वॅड फाईल (गेमचा डेटा असलेली) सापडली नाही की गाडी सुरूच होत नाही, कारण नकाशे आणि भिंतींची चित्रं तिच्यातच आहेत.

शंका असेल तर वॅड फाईल हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) उघडा, पहिले चार बाइट वाचा. आय-डब्ल्यू-ए-डी दिसलं तर पूर्ण गेमचा डेटा, पी-डब्ल्यू-ए-डी दिसलं तर मूळ गेमवर चढवायची भर. पहिलं अक्षर वाचायचे कष्टही नकोत लोकांना! (पीके३ या दुसऱ्या प्रकारच्या डेटा फाईलला ही खूण नसते, ती साधी झिप. स्वतंत्र गेमसाठी आयपीके३ असतं.)

त्यात काही महाभाग म्हणतात, 'इंजिन फुकट, मग गेमला पैसे कशाला?' अहो, १९९७ साली डूमचा सोर्स कोड खुला झाला, १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. कोड! राक्षसांची चित्रं नि नकाशे नव्हेत. म्हणून तर त्याच कोडवर चालणारा मुक्त गेम बनवणाऱ्या फ्रीडूमवाल्यांना एकेक चित्र, एकेक आवाज नव्याने करावा लागला. आणि त्यालाही मोड म्हणणारे आहेतच.