परम महासंगणक आले, त्यांच्या शेजारी माणूसही हवा

जर्मनीतले भारतीय पोस्टडॉक (पीएचडीनंतर मुदतीवर काम करणारे संशोधक) परत का येत नाहीत, हा वाद पुण्या-मुंबईत निघाला की गाडी पगारावर येऊन थांबते. पगार कमी आहे हे खरेच: भारतात 2023च्या सुधारणेनंतरही रिसर्च असोसिएटला महिन्याला 58 ते 67 हजार आणि घरभाडे. पण संगणकावर पदार्थविज्ञान करणाऱ्यांची अडचण तेवढ्याने सुटणार नाही.

इथे जर्मनीतही सगळे आलबेल नाही. पीएचडीनंतर मुदतीच्या करारावर साधारण 6 वर्षे काढता येतात; पुढे बाहेरच्या प्रकल्पाचा पैसा असेल तोवरच. 2021मध्ये ‘इश बिन हाना’ (मी हाना आहे) या हॅशटॅगखाली संशोधकांनी याच अस्थिरतेवर आवाज उठवला. येणाऱ्याने आधी विचारावे, नोकरीचा करार आहे की स्टायपेंड? स्टायपेंडवर पेन्शनचे हप्ते भरले जात नाहीत.

इथे बरे आहे ते वेगळेच. विद्यापीठांच्या एनएचआर केंद्रांत, म्हणजे महासंगणकांच्या राष्ट्रीय जाळ्यातल्या केंद्रांत, संशोधकांना नुसता संगणकावरचा वेळ मिळत नाही, सल्ला देणारी माणसेही मिळतात. त्याने काय होते? समजा व्हीएएसपी या पदार्थांचे गुणधर्म अणूंपासून काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 100 अणू आणि 8 के-बिंदूंची (स्फटिकातल्या इलेक्ट्रॉन-लहरींचे नमुनाबिंदू) गणना 48 कोअरच्या 4 नोडवर (महासंगणकातले सुटे संगणक) टाकली, आणि एनकोअर (एका बँडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या एका अवस्थेवर, किती कोअर) व केपार (के-बिंदूंची कामे किती गटांत वाटायची) या दोन्ही सेटिंग मूळच्या 1वरच राहिल्या. ही गणना एका नोडपेक्षाही मंद चालू शकते, कारण एकेक बँड एकेका कोअरकडे जातो आणि नोडांमधल्या देवाणघेवाणीतच वेळ संपतो. एनकोअर 12, केपार 4 केले की बहुधा वेग येतो. मात्र केपार वाढले की मेमरीही जास्त लागते, प्रत्येक गट तरंगफलनांची (इलेक्ट्रॉनच्या अवस्थांची माहिती) आपली प्रत ठेवतो. मेमरी पुरली नाही की जॉब (यंत्राला दिलेले काम) मध्येच मरतो आणि विद्यार्थी दोष शोधत बसतो भौतिकीत. पुढे अणू दुप्पट केले की वेळ सुमारे आठपट. जाणकार माणूस हे आउटपुट फाइलवरून दुपारभरात सांगतो. तो नसेल तर महिने जातात, आणि दोन वर्षांच्या पोस्टडॉकला महिने परवडत नाहीत.

भारतात राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला 2015मध्ये 4,500 कोटी मंजूर झाले. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म आले, 2024मध्ये पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्र. सीडॅक या सरकारी संगणक-संस्थेने हे उभे केले याचा मला मनापासून अभिमान आहे. पण घरच्या चर्चेत आकडे पेटाफ्लॉप्सचे, म्हणजे यंत्राच्या वेगाचे असतात, माणसांचे नसतात. रामानुजन फेलोशिप 5 वर्षे महिना 1,35,000 देते, तरी ती परदेशातून परतून स्वतःचे संशोधन करणाऱ्या वैज्ञानिकासाठी. कोड बांधून, तपासून, इतरांना शिकवणाऱ्यासाठी नाही. ते काम प्रकल्पाच्या नेमणुकीवर सोपवले की प्रकल्प संपताच माणूस जातो आणि त्याने यंत्रावर केलेली कोडची जुळणी मागे कुणालाच कळत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक परमबरोबर किमान दोन कायम पदे मंजूर व्हावीत, बढती शोधनिबंधांच्या संख्येवर नको. पहिल्या आठवड्यातले काम ठरलेले: व्हीएएसपी आणि तशाच कामाचा क्वांटम एस्प्रेसो हे प्रोग्रॅम त्या यंत्रावर बांधायचे, एकच नमुना 1, 2, 4 नोडवर चालवायचा आणि वेळांचा तक्ता प्रत्येक नव्या खातेदाराला पासवर्डसोबत द्यायचा.