पहिल्यांदा वाजलेली घंटी

माझ्या नवऱ्याचा मासा फोनगणिक वाढतो. शनिवारी संध्याकाळी सासूबाईंना सांगताना तो हातभर होता. रविवारी सकाळी डोंबिवलीच्या काकांचा फोन येईपर्यंत त्याला मिशाही फुटल्या होत्या.

आम्ही अमेरिकेत पिओरियाला राहतो, इलिनॉय नदीच्या काठी. नवरा वाढला डोंबिवलीत, पण आजोबा मालवणचे, म्हणून गरवणं म्हणे त्याच्या रक्तात आहे. या रक्तापायी दोन दांड्या, तीन रिळं, रबरी गांडुळांचे डबे आणि दरवर्षीचा परवाना एवढा खर्च झालाय. आजवरची मिळकत, सर्दी.

शनिवारी मात्र मासा खरंच आला. कसा आला, ते बोटीतल्या मित्राने पाठवलेल्या व्हिडिओत आहे. इथे नदीत चंदेरा माजलाय. आपल्याकडे तळ्यात कटला-रोहूबरोबर सोडतात, तोच. १९७०च्या दशकात तळी साफ ठेवायला म्हणून तो अमेरिकेत आणला आणि पुढे निसटून नद्यांत शिरला. मोटारबोटीच्या आवाजाने बिथरून आठ-दहा फूट उसळ्या मारतो. गळाला सहसा लागत नाही, कारण पाण्यातलं बारीकसारीक शेवाळ गाळून खाणारा प्राणी तो, गांडुळाकडे ढुंकूनही बघत नाही. व्हिडिओत नवरा डबा उघडून घास तोंडाशी नेतोय, एवढ्यात चंदेरा थाडकन छातीवर. मग 'आई गं!' आणि नुसतं आभाळ.

तो मासा साफ करायचं माझ्याच नशिबी. काटे उपसताना मी जुना अमेरिकन रेडिओ लावते, 'फिबर मॅकगी अँड मॉली'. १९३५ साली सुरू झालेला कार्यक्रम. फिबर म्हणजेच थापाड्या. तो आणि त्याची बायको झालेले जिम आणि मरियन जॉर्डन खरोखरचे नवरा-बायको, आणि तेही आमच्या पिओरियाचेच! पाण्याचाच गुण असणार. त्यांच्या घरातलं कपाट उघडलं की पसारा धडाधड कोसळतो आणि सगळ्यात शेवटी एक बारीकशी घंटी किणकिणते. पण मला आवडते ती मॉली. थाप पूर्ण फुगू देते आणि मग एका वाक्यात टाचणी लावते. मला ते जमत नाही, मी मध्येच तोंड घालते.

या खेपेला गप्प बसले. स्पीकरवर झुंज वीस मिनिटं चालली. दोरी ताणली, बोट कलली, हाताला घट्टे पडले. काका भारावून म्हणाले, "शाब्बास रे! आमिष काय लावलं होतंस?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"मेथीचा पराठा," मी म्हणाले.

फोन आटोपता घेऊन तो 'दांड्या ठेवतो' म्हणत बाहेरच्या कपाटाकडे सटकला. दार उघडल्याचा आवाज आला. मग दांड्या, रिळं, डबे, गमबूट, घडीची खुर्ची, सगळं एकामागून एक. आणि अगदी शेवटी, टिण्!

ती दांडीच्या टोकाला लावायची घंटी. मासा लागला की वाजते म्हणून हौसेने आणलेली. घरात आल्यापासून पहिल्यांदाच वाजली.