होमली

आमच्या शहापुरात 'इंग्रजी येणारा माणूस' म्हणून माझं जे नाव आहे, त्यामागं पराक्रम एवढाच की पंचवीस वर्षं मी एका फौंड्रीच्या ऑफिसात कोटेशनं टाईप केली. बेळगावात सरकारी कागद येतो कानडीत, घरात बोलणं मराठी, आणि दोन्हीकडचं अडलं की मधे इंग्रजीला घालायचं. त्यामुळं मीटरचा अर्ज, विम्याचं पत्र, असलं सगळं माझ्याच कट्ट्यावर येतं.

एक दिवस बायकोची थोरली बहीण आली. "काय करूलाय भावोजी? तेवढं पोरीचं बायोडाटा इंग्लिशमध्ये करून द्या की. स्थळ अमेरिकेचं हाय."

मुलगा न्यू जर्सीत जन्मलेला, मराठी ऐकून कळतं पण वाचता येत नाही. मी चष्मा पुसला. उंची, शिक्षण, गोत्र हे सगळं कोटेशनसारखं सरसर उतरलं. 'स्वभाव' या रकान्याशी अडलो. आक्का म्हणाल्या, "घरगुती हाय म्हणून लिवा."

आता घरगुतीला इंग्रजी काय, हे मला विचारायचं कारणच नव्हतं. कॉलेजात असताना ज्या खानावळीत मी तीन वर्षं जेवलो, तिच्या दारावर कानडीत 'मने ऊटा', मराठीत 'घरगुती जेवण' आणि इंग्रजीत 'होमली फूड' असं एकाखाली एक रंगवलेलं होतं. तिथली आमटी इतकी पातळ असायची की ताटात पंख्याचं प्रतिबिंब दिसे. पण बोर्ड पक्का होता. मी लिहिलं, 'व्हेरी होमली'. 'व्हेरी' माझ्या पदरचं. मावशीचा नवरा म्हणून एवढं तरी करायला नको?

आठवड्यानं मुलाच्या कोल्हापूरच्या आत्याचा फोन आला. "आमच्या पोराला तुमचा खरेपणा लई आवडला बघा. आजकाल एवढं स्पष्ट कोण लिहितंय? तो म्हणतोय, दिसण्याचं काय एवढं, स्वभाव बघू." मी म्हटलं, "आम्ही बेळगावची माणसं, पोटात एक ओठात एक नाही." फोन ठेवून स्वतःच्या हातानं कुंदा काढून खाल्ला.

दिसण्याचं कुठून आलं, हा प्रश्न कुंदा संपल्यावर पडला.

उत्तर शनिवारी बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीनं आलं. भाचीनं दारातच पिशवी टाकली. "काका, तुम्ही मला व्हेरी होमली लिहिलंत?"

"मग? घरगुती."

तिनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. अमेरिकन डिक्शनरी. होमली, माणसाबद्दल बोलताना: दिसायला बेताचा. म्हणजे आमची पोरगी, जिच्या फोटोसाठी आक्कांनी खडे बाजारातनं नवी पैठणी आणली होती, ती माझ्या हातच्या लेखी कबुलीसह अमेरिकेत 'फारच बेताची' म्हणून पोचली होती.

मी दुसरी, ब्रिटिश डिक्शनरी काढायला लावली. तिथं मात्र हाच शब्द गुणाचा: साधं, ऊबदार, परक्याला आपलं वाटावं असं. मुळात 'होम'वरनंच आलेला. घरचं म्हणजे साधं, साधं म्हणजे नटवं नाही, आणि नटवं नाही म्हणजे... इथून पुढं घसरगुंडी. ती अमेरिकेनं काही नव्यानं शोधलेली नाही. इंग्रज कवी मिल्टनच्या १६३४ च्या 'कोमस' या काव्यनाट्यात एक पात्र म्हणतं की 'होमली' चेहऱ्यांनी घरीच बसावं, त्यांना नावच त्यावरनं पडलंय. बोलणारा त्यातला खलनायक आहे, एवढंच समाधान. पुढं इंग्लंडनं ऊब जपली आणि अमेरिकेनं चेहरा धरला. उबेसाठी अमेरिकेत वेगळा शब्द आहे: होमी. एका 'एल'चा फरक! कोटेशनमध्ये एक शून्य जास्त पडल्यावर साहेब कसा ओरडायचा ते आठवलं.

आणि स्वयंपाकपाणी, घर सांभाळणं हा आपला अर्थ? तो इथलाच, भारतीय इंग्रजीतला, लग्नाच्या जाहिरातींत मुरलेला.

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. सीमा ओलांडली की शब्द फिरतो हे बेळगावच्या माणसाला कुणी शिकवायचं? कानडीत 'अवसर' म्हणजे घाई, आपल्यात संधी. पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या एका शेजाऱ्याला दुकानदार सावकाशीनं 'अवसर इल्ला' म्हणाला, घाई नाही म्हणून. तर हा बिचारा संधी गेली समजून हात हलवत परत आला. खुद्द गावाचं इंग्रजीतलं बेलगाम १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं, तेव्हापासून फॉर्म भरताना हात एकदा थबकतोच. शिनोळीपर्यंत जाऊन महाराष्ट्रात पाय ठेवून यायची सवय असलेला मी अटलांटिक मात्र बेसावधपणे ओलांडला.

"मग 'डोमेस्टिकेटेड' लिहू?" मी विचारलं.

"ते गाई-म्हशींना म्हणतात, काका. माणसाळलेली."

"माणसांनाही चालतं म्हणे."

"मला नाही चालत."

आक्का मधेच म्हणाल्या, "त्यात काय खोटं हाय? चार माणसांत राहती, माणसाळलेलीच की." भाचीनं कपाळाला हात लावला. शिवाय खरी अडचण वेगळीच होती. हिनं थापलेल्या भाकरीला आजवर एकदाही गोल आकार आलेला नाही. बेंगळुरूत चूल म्हणजे मॅगीपुरती. म्हणजे अमेरिकन अर्थानं मी तिची बदनामी केली आणि भारतीय अर्थानं पलीकडच्यांची फसवणूक. राहता राहिला ब्रिटिश अर्थ, तर त्या घडीला ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, त्यात ऊब नव्हती.

शेवटी तो रकानाच काढला. पुढचं ती आणि तो पोरगा आपसात व्हिडिओवर बोलतात. कुठल्या भाषेत, ते आम्हाला विचारायची सोय राहिलेली नाही.

परवा त्या जुन्या खानावळीवरनं जात होतो. मालकाचा मुलगा नवा बोर्ड रंगवून घेत होता. मला बघून त्यानं पेंटरला थांबवलं. "सर, तुमचं इंग्लिश चांगलं. होमली बरोबर हाय न्हवं?"

मी आत डोकावलं. ताटात पंखा अजून दिसत होता.

"एकदम बरोबर," म्हटलं. "अमेरिकेतसुद्धा चालंल."