कायले पाहिजे सिस्टरायवर पीएचडी?

रविवारी धरमपेठेत दादाला फोन लावला की आधी ऊन, मग उड्डाणपूल. या रविवारी भाचीचा विषय निघाला. ती नागपुरातल्या सिस्टरांच्या, म्हणजे मठातल्या नन्सच्या, धार्मिक आयुष्यावर पीएचडी करतेय: पहाटेची प्रार्थना, मौन, उपास. दादा म्हणाला, "कायले पाहिजे बाप्पा सिस्टरायवर पीएचडी? कॅन्सरवर काही केलं असतं तर समजलो असतो."

फोन ठेवला, तरी डोकं तापलेलंच. मी बावीस वर्षं इटलीतल्या पादुआत राहते. दादाला कोण सांगणार की याच गावच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉक्टर रामाझ्झिनींनी, ज्यांचं कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक 1700 साली आलं, स्तनाचा कॅन्सर मठातल्या बायकांत जास्त दिसतो हे नोंदवून ठेवलं होतं? 1842 साली रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांनी व्हेरोना शहरातल्या 1760 ते 1839 च्या मृत्यूनोंदी चाळल्या. तिथंही तेच, उलट गर्भाशयाचा कॅन्सर सिस्टरांत कमी. मूल न होणं, अंगावर न पाजणं याचा या आजाराशी संबंध आहे, हे कोडं सुटायला सुरुवात झाली ती मठाच्या दारातून. सिस्टर कशा जगतात हे कुणी बघितलंच नसतं, तर?

हे सगळं टाइप करून पाठवलं. (इथं असे वाद घरात होत नाहीत, असंही लिहिलं. होतात. माझा शेजारी तर लॅटिन शिकणाऱ्या पोरीला रोज ऐकवतो.)

दादानं टाटा हॉस्पिटलची बातमी धाडली: ऑपरेशनच्या जरा आधी गाठीभोवती लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचं स्वस्तातलं इंजेक्शन, पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बाया 86.4 वरून 90.1 टक्के. 2023 चा निकाल. खाली, "हे पाह्य संशोधन." छाती फुगलेली त्याची. माझीही फुगली, पण मी मिलानचे कॅन्सर सर्जन वेरोनेसी काढलेच: गाठ लहान असेल तर अख्खा स्तन न काढताही बाई तेवढीच जगते, हे त्यांनी 1981 मध्ये दाखवलं. कशाला काढले, देव जाणे. वेरोनेसींना माझ्यापेक्षा टाटावालेच जास्त ओळखत असतील.

पण दादा, ते इंजेक्शन द्यायला आधी बाईनं गाठ दाखवावी लागते ना रे.

आईनं आठ महिने पदराआड ठेवली. मी दर रविवारी विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो, वरण-भात." पहिल्यांदा तिनं सांगितलं ते दवाखान्यातल्या नन सिस्टरला. दादाला नाही, वहिनीला नाही, मला तर नाहीच. नंतर म्हणाली, "तू तिकडं एकटी, तुले कायले घोर?" त्या सिस्टरपाशी असं काय होतं, जे माझ्यापाशी नव्हतं? भाचीच्या प्रश्नावलीत हा प्रश्न असेल तर मला उत्तर हवंय.

आमच्या गल्लीतल्या मठात आता केरळच्या सिस्टर आहेत. एकीनं विचारलं, "नागपूर? संत्री?" मी हो म्हणाले आणि भर रस्त्यात रडले. फार लाज वाटली.

मलाही मूल नाही. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या तपासणीचं, पत्र दर दोन वर्षांनी येतं, फुकट. यंदाचं फ्रिजवर चुंबकाखाली आहे. तारीख मागच्या मंगळवारची होती. दादाला यातलं काही बोलले नाही. भाचीला फोन केला होता, तिनं "आत्या, काय झालं?" विचारल्यावर मी म्हटलं, "काही नाही गं, जेवलीस का?"