विश्वासू दोस्तराष्ट्र होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिकेचे विश्वासू दोस्तराष्ट्र होण्याची आपली इच्छा असेल, तर प्रथम तिच्या युद्धांत हजर राहण्याचा नेम धरावा. ऑस्ट्रेलियाने तो कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान आणि इराक येथे निष्ठेने पाळला, आणि त्याबद्दल लष्करी सुटे भाग मागवताना वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याकडे इतरांप्रमाणेच अर्ज करण्याचा मान मिळवला.

1976 च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्यावर उभ्या असलेल्या ‘आयटार’ या अमेरिकेच्या लष्करी निर्यातीच्या नियमावलीचा राग मानू नये. आपल्या यंत्रात तिच्या यादीतला एक अमेरिकी भाग बसला, की ते सबंध यंत्र तिसऱ्या देशाला देण्यापूर्वी वॉशिंग्टनची अनुमती लागते. सोवळे मोडायला जसा नुसता स्पर्श पुरे, तसा येथे एक सुटा भाग पुरतो. हे सोवळे माणसांनाही लागू असल्याने ऑस्ट्रेलियातील काही संरक्षण कंपन्यांना कर्मचाऱ्यांचे राष्ट्रीयत्व विचारता यावे म्हणून स्वतःच्याच देशाच्या भेदभावविरोधी कायद्यांतून सूट मागावी लागली. आपणही तो अर्ज तयार ठेवावा.

नियम शिथिल होतातच, फक्त घाई करू नये. क्लिंटन यांच्या प्रशासनाने 2000 मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाला सवलत देऊ केली, ती काँग्रेसमध्ये अडली. 2007 मध्ये बुश यांनी ब्रिटनचे ब्लेअर आणि ऑस्ट्रेलियाचे हॉवर्ड या पंतप्रधानांबरोबर तशा सवलतीचे करार केले; सिनेटने ते 2010 मध्ये संमत केले आणि प्रत्यक्ष अंमल ब्रिटनसाठी 2012 मध्ये, तर ऑस्ट्रेलियासाठी 2013 मध्ये सुरू झाला, तोपर्यंत सह्या करणारे तिघेही पायउतार झालेले होते. त्या करारांतील अटी इतक्या किचकट निघाल्या, की अनेक कंपन्यांना परवान्याची जुनी रांगच बरी वाटली.

2021 मध्ये ऑकस ही ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांची संरक्षण भागीदारी जाहीर झाल्यावरही आपला विश्वासूपणा आपणच सिद्ध करावयाचा असतो. त्यासाठी आपले कायदे अमेरिकी कायद्यांच्या तोडीचे करावे लागतात. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये तसे केले आणि आपल्याच भूमीवर एखाद्या परदेशी सहकाऱ्याला नियंत्रित तंत्रज्ञान विनापरवाना पुरवणे हा 10 वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. कुंपण काढून टाकण्याची ही पद्धत मोठी नामी आहे, कारण तीत कुंपण मित्राच्या अंगणाला वळसा घालून पलीकडे नेले जाते आणि त्याचा खर्चही मित्रच करतो. त्याच वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून आयटारच्या परवान्यांतून सूट लागू झाली. ती अधिकृत ठरवलेल्या संस्थांनाच मिळते, आणि वगळलेल्या तंत्रज्ञानाची वेगळी यादी सोबत आहेच. विश्वास कितीही गाढ असला तरी त्याला परिशिष्ट हवेच.

(भारताला 2018 मध्ये ‘एसटीए-1’ या, दर वेळी परवाना न मागता अमेरिकी माल मिळण्याच्या श्रेणीत बसवले, तेव्हा आपल्याकडेही पुष्कळ आनंद झाला. ती सवलत अमेरिकी वाणिज्य खात्याच्या यादीतील वस्तूंसाठी आहे. आयटारचा दरवाजा परराष्ट्र खात्याच्या ताब्यात असतो.)

राहता राहिल्या ऑकसमध्ये कबूल केलेल्या व्हर्जिनिया वर्गाच्या अमेरिकी अणुपाणबुड्या. त्या 2030 नंतरच्या दशकात मिळाव्यात म्हणून ऑस्ट्रेलियाने अमेरिकी गोद्यांना 3 अब्ज अमेरिकी डॉलर देण्याचे मान्य केले असून 2025 मध्ये पहिला हप्ताही भरला. पाणबुडी हाती देण्यापूर्वी, तिच्यावाचून अमेरिकी आरमाराची पाण्याखालची ताकद कमी होत नाही, असे त्या वेळच्या अध्यक्षांनी प्रमाणित करावे अशी अट कायद्यातच आहे. ते अध्यक्ष कोण असतील याची चौकशी करू नये, हप्ते वेळेवर भरावेत आणि पावत्या जपून ठेवाव्यात.