सावलीचा सातबारा

आमच्या कचेरीची वेळ पावणेदहाची आहे. २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस पाच दिवसांचा आठवडा आला तेव्हापासून ती राज्यभर तीच आहे, आणि तालुक्याच्या गावी ती जेवढी पाळली जाते तेवढी पाळली जाते. मी मात्र गेली चार वर्षे नऊच्या ठोक्याला फाटकातून आत शिरतो. चपराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन येतो तेव्हा मी पायरीवर बसलेला असतो. त्यामुळे वरिष्ठांचा माझ्याविषयी एक समज झाला असून, मासिक आढावा बैठकीत माझे नाव ‘कर्तव्यदक्ष’ या विशेषणासह एकदा घेतले गेले आहे. खरे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. नऊनंतर आवारातल्या कडुनिंबाखाली मोटारसायकल लावायला जागा उरत नाही.

मी राहतो ते खेडे कचेरीपासून २२ किलोमीटरवर, यवतमाळ जिल्ह्यातच आहे. एसटी आहे, पण ती सकाळी साडेसातला येते किंवा साडेअकराला येते, आणि कधी कधी दोन्ही वेळा येत नाही. म्हणून २०१२ साली मी शंभर सीसीची मोटारसायकल घेतली. यथावकाश कर्ज फिटले आणि ती माझी झाली. परंतु माझी झालेली ही वस्तू दिवसाचे साडेआठ तास उभी कुठे राहणार, हा प्रश्न कर्जाच्या कागदपत्रांत कोणी विचारलेला नव्हता. आवारात टिनाचे एक शेड आहे. त्यात आठ दुचाक्या मावतात आणि आमच्याकडे रोज तीसेक येतात. शेडमधल्या आठ जागा सेवाज्येष्ठतेने वाटल्या जाव्यात असे कोणत्याही आदेशात लिहिलेले नाही. पण ती वहिवाट आहे, आणि महसुलातल्या माणसाला वहिवाट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. त्यांपैकी एका जागेवर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची स्कूटर अजून उभी आहे. तिच्या चाकांत हवा नाही, पण कब्जा शाबूत आहे.

गाडी उन्हात राहिली तर एवढे काय बिघडते, असे पुण्या-मुंबईकडच्या माणसाला वाटेल. त्याने नवतपात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, आमच्याकडे पाहुणा म्हणून यावे. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी दुपारी तीनला उन्हातल्या काळ्या सीटवर बसले, की तव्यावर पडताक्षणी भाकरीला काय वाटत असेल याचा उलगडा होतो. शिवाय पेट्रोल तापले की फुगते, दर अंशाला लिटरमागे साधारण एक मिलिलिटर. सकाळी काठोकाठ भरलेली दहा लिटरची टाकी दुपारपर्यंत २५ अंशांनी तापली, तर जवळपास पाव लिटर पेट्रोल बाहेर येण्याची वाट शोधू लागते. हे मला गावातल्या विज्ञानाच्या मास्तरांनी सांगितले. तोपर्यंत झाकणाच्या कडेने पाझरलेले पेट्रोल पाहून मी पंपावरच्या मुलाच्या सढळ मापाचे कौतुक करीत असे.

तेव्हा सावली हवी. पण सावली ही स्थावर मालमत्ता नाही, हीच सारी अडचण आहे. शेताला सातबारा असतो. नमुना सातमध्ये मालक कोण आणि नमुना बारामध्ये पीक कोणते, हे लिहिलेले असते. सावलीचा फेरफार मात्र दर तासाला होतो आणि त्याची नोटीस कोणालाही निघत नाही. सकाळी कडुनिंबाची सावली पश्चिमेला, रेकॉर्ड रूमच्या भिंतीपर्यंत ऐसपैस पसरलेली असते. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सूर्य एके दिवशी आमच्या जिल्ह्यावरून नेमका डोक्यावरून जातो, आणि त्या दिवसांत दुपारी बाराच्या पुढेमागे ती सावली बुंध्याभोवती अशी गोळा होते, की गायीच्या आचळांना वासरे लुचावीत तशा सगळ्या गाड्या खोडाला डोके लावून उभ्या राहतात. दोननंतर ती पूर्वेला सरकते. म्हणून मी साडेअकराला पाणी प्यायला, एकला डबा धुवायला आणि तीनला कोणाचा तरी फोन घ्यायला बाहेर पडतो आणि शंभर किलोंहून जड असलेली ती गाडी मधल्या स्टँडवरून उतरवून सहा-सात फूट ओढतो. ‘इतके पाणी पिता, एकदा शुगर तपासून घ्या,’ असे आमच्या आवक-जावकच्या मॅडमनी मला दोनदा काळजीने सुचवले आहे.

पाऊस आला म्हणजे ऊन जाते, पण जमीनही जाते. आमच्याकडची काळी माती कापसाला मानवते. मोटारसायकलीच्या साइड स्टँडला ती मानवत नाही. उन्हाळ्यात तिला एवढाल्या भेगा पडतात, की एकदा माझी चावी त्यांतल्या एकीत गेली आणि मी व चपराशी मिळून छत्रीच्या तारेने अर्धा तास तिचा शोध घेतला. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा बुजतात, आणि वरून टणक दिसणाऱ्या त्या जमिनीत स्टँडची दांडी लोण्यात सुरी जावी तशी हळूहळू आत जाऊ लागते. ही क्रिया इतकी संथ असते, की गाडी लावून वळताना ती सरळ दिसते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिची मान शेजारणीच्या खांद्यावर असते. एका जुलैत अशा सात गाड्या एकीमागून एक आडव्या झाल्या. आवाज ऐकून चारही खात्यांची माणसे बाहेर आली आणि सुरुवात कोणाच्या गाडीने केली याची तोंडी चौकशी तिथेच चिखलात झाली. माझी गाडी सर्वांत खाली सापडली. त्या दिवसापासून मी डिकीत शहाबादी फरशीचा एक तुकडा बाळगतो आणि स्टँडखाली तो ठेवल्याशिवाय गाडीपासून दूर होत नाही.

कडुनिंबाखाली जागा मिळाली नाही, तर मागच्या बाजूला चिंच आहे. तिच्या दाट सावलीत जागा नेहमीच मोकळी असते, यावरूनच मला शंका यायला हवी होती. पावसाळ्यात त्या चिंचेवर बगळ्यांची वस्ती असते. शेकडो घरटी, घरट्यांत पिले, आणि पिलांना भरवणारे आईबाप. या कुटुंबवत्सल जीवनाचे जे काही उरते ते सारे थेट टाकीवर येते. ते वेळीच धुतले नाही तर रंग उडतो, आणि वेळीच धुवावे तर दर दहा मिनिटांनी धुवावे लागते. आता माझ्या काळ्या टाकीवर पांढरे ठिपके आहेत, चितळाच्या पाठीवर असावेत तसे.

भिंतीकडेला लावावी तर तिथे वानरांचा रस्ता आहे. काळ्या तोंडाच्या वानरांची ही टोळी मंगळवारी आणि शुक्रवारी येते, का ते त्यांनाच ठाऊक. टोळीचा नायक आरशात स्वतःला पाहतो, आपल्या राज्यात हा दुसरा हुप्प्या कुठून आला म्हणून खवळतो आणि त्याला ठोसा लावतो. माझ्या गाडीचे दोन्ही आरसे या गैरसमजात गेले. तिसरा बसवला तोही गेला. सीट मात्र फाडली ती पोरांनी, कोणताही गैरसमज नसताना, निव्वळ आतला स्पंज कसा लागतो ते पाहण्यासाठी. पेट्रोलचोरीबद्दल फार लिहीत नाही. जुन्या गाडीला टाकीखाली कॉक असतो, नळी ओढली की बाटली भरते. आमच्याकडचा चोर मात्र घरी पोचण्यापुरते पेट्रोल ठेवतो, हे नमूद करणे मला न्यायाचे वाटते.

या सर्व अनुभवांती मला ती जागा सापडली.

आवाराच्या कोपऱ्यात रेतीचे जप्त ट्रॅक्टर उभे असतात. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांनी आमच्या जिल्ह्याला सीमा दिली आणि रेतीही दिली. पैकी सीमा कोणी नेत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार विनापरवाना रेती नेणारे वाहन जप्त होते, आणि दंड भरून बंधपत्र लिहून दिले की ते सुटते. काही मालक मात्र दंडातून जुन्या ट्रॅक्टरची किंमत वजा करून पाहतात, आणि दंडच जास्त भरतो असे दिसले की पुन्हा फिरकत नाहीत. असे दोन ट्रॅक्टर, त्यांच्या ट्रॉल्यांसह, तीन वर्षांपासून शेजारी शेजारी आहेत. एका ट्रॉलीत उरलेल्या रेतीवर एरंड उगवला आहे. दोन ट्रॉल्यांमध्ये बरोबर एका मोटारसायकलीची रुंदी आहे, खाली टणक मुरूम आहे, आणि एका ट्रॉलीवरची ताडपत्री सुटून दुसरीवर जाऊन पडल्यामुळे वर आपोआप छप्पर झाले आहे. ना झाड, ना बगळे. भिंत लांब असल्याने वानरे नाहीत. आणि रात्री-अपरात्री ट्रॅक्टर पळवला जाऊ नये म्हणून तिथे कोतवालाचा पहारा असतो. मी सकाळी तिथे गाडी लावायचो, वर एक बारदाना झाकायचो आणि दिवसभर एका जागी बसून काम करायचो. माझी शुगर आटोक्यात आली, असे मॅडमना वाटले.

कोतवालाने मला एकदा टोकले होते. ‘बाबूजी, इथं काहून लावता जी गाडी? जप्तीच्या गाड्यायमंदी राह्यली, त जप्तीचीच होईन नं एखांद्या दिवशी.’ मी हसलो होतो.

मे महिन्यात मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी अमरावतीला जावे लागले. कचेरीची जीप जाणार होती. गाडी मी दोन ट्रॉल्यांच्या मध्ये ठेवली आणि कधी नव्हे इतक्या निश्चिंत मनाने गेलो. चौथ्या दिवशी एसटीने परतलो तेव्हा तिच्या हेडलाइटवर लाल रंगात ‘जप्त – ७’ असे लिहिलेले होते. मागच्या चाकात साखळी होती आणि साखळीच्या कुलपावर लाखेचा शिक्का होता. लिलावाची तयारी म्हणून नव्याने रुजू झालेल्या साहेबांनी आवारातल्या वाहनांचा पंचनामा करून घेतला होता. पंचनामा मी वाचला. अनुक्रमांक सातपुढे लिहिले होते: ‘दुचाकी, रंग काळा, बारदान्यासह. आरसे नाहीत. सीट फाटलेली. टाकीवर पांढरे डाग. नंबरप्लेट चिखलाने वाचता येत नाही. वाहन दीर्घकाळ बेवारस असावे.’ त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. खाली पंच म्हणून कोतवालाची सही होती.

‘म्या सांगतलं होतं साहेबाले,’ तो म्हणाला, ‘का हे आपल्या बाबूजीची गाडी हाये म्हनून. साहेब म्हने, कोनता कर्मचारी अशी गाडी चालवीन? लिव्ह. मंग म्या सही केली.’

मी रीतसर अर्ज केला. साहेबांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिले, आणि शासकीय नोंदीत एकदा आलेली वस्तू तोंडी आदेशाने बाहेर काढता येत नाही, असे सौम्यपणे सांगून त्यावर ‘संबंधित लिपिकाने तपासून सादर करावे’ असा शेरा मारला. आता गौण खनिजाचे टेबल सांभाळणारे गृहस्थ दोन महिन्यांच्या वैद्यकीय रजेवर आहेत. त्यांचा अतिरिक्त कार्यभार कोणाकडे द्यावा, हा प्रश्न मागच्या आढावा बैठकीत आला होता, आणि ‘कर्तव्यदक्ष’ हे विशेषण वापरले गेले ते त्याच वेळी. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आवक क्रमांक पडून माझा अर्ज माझ्याच टेबलावर आला.

मी तो नियमाप्रमाणे तपासला. आरसी बुकाची प्रत होती, विमा होता; पीयूसी प्रमाणपत्राची मुदत मात्र फेब्रुवारीतच संपलेली होती. अशा अर्जावर जे लिहायचे असते तेच मी लिहिले: ‘कागदपत्रे अपूर्ण. त्रुटीच्या पूर्ततेसाठी अर्जदारास कळवावे.’ मग चहा घेताना खिडकीतून सहज त्या कोपऱ्याकडे नजर गेली. भर दुपारी गाडी ताडपत्रीखाली गारव्याला उभी होती. तिला साखळी होती, शिक्का होता, आणि दोन पावलांवर कोतवाल खाटेवर पडून तिच्याकडे पाहत होता.

हल्ली मी साडेसातच्या एसटीने येतो, त्यामुळे सव्वाआठलाच पायरीवर बसलेला असतो, आणि याचीही वरिष्ठांनी नोंद घेतली आहे. अर्जदाराला कळवण्याचे पत्र अजून निघालेले नाही. मृग लागू द्यावा, पहिल्या पावसात ताडपत्री गळते की नाही ते पाहावे, आणि मगच मसुदा करायला घ्यावा, असा विचार आहे.