‘माझा-माझी-माझे’च्या फिरत्या तक्त्यात काय चुकलंय

मराठी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला एक तक्ता गटागटांतून फिरतो आहे. परदेशात मुलांना घरी मराठी शिकवणारे पालक तो वापरतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं तो पाठ करतात. त्यातली विधानं थोडक्यात अशी: बोलणारा पुरुष असेल तर ‘माझा’, बाई असेल तर ‘माझी’. षष्ठी म्हणजे मालकी. चा-ची-चे हे संस्कृतच्या ‘स्य’चंच आजचं रूप. माझा, तुझा, त्याचा ही सर्वनामं. ‘आपला’ म्हणजे आदराने ‘तुमचा’. आणि शेवटी, इंग्रजीतल्या ‘हॅव’ला मराठीत क्रियापद नाही ही मराठीची उणीव, म्हणून त्या जागी सरसकट ‘माझ्याकडे आहे’ म्हणावं.

शिकणाऱ्याचं सर्वांत जास्त नुकसान पहिलं विधान करतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘माझा’ की ‘माझी’ हे बोलणाऱ्यावर अजिबात ठरत नाही. ते ठरतं पुढच्या नामावर. बाई म्हणते ‘माझा भाऊ’, पुरुष म्हणतो ‘माझी बहीण’. हा तक्ता पाठ केलेली मुलगी ‘माझी भाऊ’ म्हणायला लागते आणि घरात कुणालाच कळत नाही की ही चूक आली कुठून. दुरुस्ती सोपी आहे, पण ती क्रमाने करावी लागते. आधी वस्तू कोणती ते बघायचं. मग तिचं लिंग तो, ती, ते लावून ठरवायचं: तो मोबाइल, ती बॅग, ते लायसन्स. मग वचन. आणि सर्वांत शेवटी, त्या नामाला पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलंय का. लागलं असेल तर लिंगवचनाचा सगळा हिशेब संपतो आणि एकच रूप उरतं: ‘च्या’. रामाचा घोडा, रामाची गाय, रामाचं घर. पण रामाच्या घोड्याला, रामाच्या गाईला, रामाच्या घराला.

अनेकवचनात तर तक्ता चक्क चुकीची रूपं देतो. त्यात ‘माझे’ म्हणजे अनेकवचन, एवढंच आहे. प्रत्यक्षात पुल्लिंगी ‘माझे मित्र’, स्त्रीलिंगी ‘माझ्या बहिणी’ आणि नपुंसकलिंगी ‘माझी पुस्तकं’. ‘माझी’ हे रूप स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन अशा दोन ठिकाणी येतं, इथेच घोटाळा होतो आणि ‘माझे पुस्तके’ ऐकू येतं. यावर एक हुकमी कसोटी आहे. ‘माझा’च्या जागी ‘चांगला’ ठेवून बघायचं. चांगला घोडा, चांगली गाय, चांगलं घर, चांगले घोडे, चांगल्या गाई, चांगली घरं, चांगल्या घराला. ‘चांगला’ जसा बदलतो तसाच ‘माझा’ बदलतो, एकाही ठिकाणी फरक पडत नाही.

साखळीतही हेच चालतं. ‘रामाच्या मित्राच्या घराची किल्ली’ यात प्रत्येक ‘च्या’ आपल्या लगेच पुढच्या नामाकडे बघतो. ‘मित्राच्या’, ‘घराची’ ही रूपं स्वतः सामान्यरूपात (प्रत्यय लागताना नामाचं जे बदललेलं रूप होतं त्यात) आहेत म्हणून त्यांच्याआधी ‘च्या’ आलं. ‘किल्ली’ मोकळी आहे म्हणून तिच्याआधी ‘ची’. आता ‘किल्लीने’ करा: रामाच्या मित्राच्या घराच्या किल्लीने. शेवटच्या नामाला प्रत्यय लागला की साखळीत सगळीकडे ‘च्या’ होतं.

मग मालकाचं लिंग मराठीत दिसतच नाही का? दिसतं, पण शब्दाच्या शेवटी दिसत नाही, अंगात दिसतं. त्याचा भाऊ, त्याची बहीण, तिचा भाऊ, तिची बहीण. ‘त्या-’ आणि ‘ति-’ मालकाबद्दल सांगतात, ‘-चा’ आणि ‘-ची’ पुढच्या भावाबद्दल किंवा बहिणीबद्दल. हिंदीतल्या ‘उसका भाई’वरून मालक कोण ते कळत नाही. इंग्रजीत मालकाचं लिंग कळतं, पण वस्तूचं काहीच नाही. मराठी एका शब्दात दोन्ही सांगते. आदराचंही तसंच. ‘सरांचे वडील’ यात सरांचा आदर प्रत्ययाआधीच्या अनुस्वारात आहे आणि वडिलांचा आदर ‘चे’मध्ये. इतकी नेटकी व्यवस्था तक्त्याने एका ओळीत मोडून टाकली आहे.

आता ‘षष्ठी म्हणजे मालकी’. ‘सोनाराची अंगठी’ आणि ‘सोन्याची अंगठी’ शेजारी शेजारी ठेवा. पहिलीत सोनार मालक असेल, किंवा घडवणारा असेल. दुसरीत सोनं कुणाचंही मालक नाही, अंगठी त्याची बनलेली आहे, बस. दाराची कडी, सकाळची शाळा, पाच किलोची पिशवी, मावशीचा मुलगा, मुलांचा सांभाळ, पावसाचं येणं: यांपैकी एकातही मालकी नाही. पिशवीत माप आहे, शाळेत वेळ आहे, सांभाळण्यात मुलं कर्म आहेत आणि येण्यात पाऊस कर्ता आहे. ‘तिचा फोटो’ म्हणजे तिने काढलेला, तिच्याजवळ असलेला की तिचा चेहरा असलेला, हे संदर्भच सांगतो. ‘चा’ एवढंच म्हणतो की या दोन नामांचा संबंध आहे. कसला, ते ती नामं ठरवतात.

संस्कृत वैयाकरणांना हे पुरतं ठाऊक होतं. कारकं सहा आहेत आणि षष्ठी त्यांत नाही, कारण कारक म्हणजे क्रियापदाशी असलेलं नातं. पाणिनीचं सूत्र आहे ‘षष्ठी शेषे’: इतर विभक्तींनी सांगून झाल्यावर जे संबंध उरतात त्यांच्यासाठी षष्ठी. पतंजली महाभाष्यात म्हणतो, ‘एकशतं षष्ठ्यर्थाः’. षष्ठीचे अर्थ शंभरावर. आणि पाणिनी स्वतःच्या सूत्रांत ती वापरतो ते तर ‘च्या जागी’ अशा अर्थाने. त्यासाठी त्याने ‘षष्ठी स्थानेयोगा’ असा वेगळा नियमच करून ठेवला. ‘इको यणचि’ मध्ये ‘इकः’ ही षष्ठी आहे, अर्थ: पुढे स्वर आला की इक्-च्या (इ, उ, ऋ, लृ यांच्या) जागी यण् (य्, व्, र्, ल्) येतो. इति + आदि = इत्यादि, ही शाळेतली संधी त्याच सूत्राची. त्यात मालकी शोधणार तरी कुठे?

तिसरं विधान, ‘स्य’चाच ‘चा’ झाला. हे ऐकायला पटतं, पण दोघांची वागणूक जुळत नाही. रामस्य अश्वः, रामस्य गृहम्, रामस्य माला: ‘रामस्य’ जागचा हलत नाही. ‘रामाचा’ मात्र प्रत्येक नामाबरोबर रूप बदलतो. मराठीचा ‘माझा’ संस्कृतच्या ‘मम’सारखा वागत नाही, तो ‘मदीय’सारखा वागतो: मदीयं पुस्तकम्, मदीया माला. म्हणजे तो विशेषण आहे. अभ्यासकांनी ‘चा’चं मूळ शोधलं तेही विशेषण बनवणाऱ्या प्रत्ययात, ‘त्य’मध्ये: तत्रत्य म्हणजे तिथला, दाक्षिणात्य म्हणजे दक्षिणेकडचा. प्राकृतात ‘त्य’चा ‘च्च’ होतो (सत्यचं सच्च झालं तसा). हेमचंद्राने १२व्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात ‘तुम्हेच्चय’, ‘अम्हेच्चय’ ही रूपं नोंदवली आहेत. तुमचा, आमचा त्यांच्यात उघड दिसतात. कोकणीतले चो-ची-चें हे याच कुळातले.

या मुळाचा पुरावा रोजच्या बोलण्यातही आहे. ‘घराचं छप्पर’ आणि ‘घरचं जेवण’. ‘गावाचा नकाशा’ आणि ‘गावचा पाटील’. पहिल्या प्रकारात नामाचं सामान्यरूप होऊन मग ‘चा’ लागतो आणि ती इमारत किंवा ती वस्ती डोळ्यासमोर येते. दुसऱ्यात सामान्यरूपच नाही; ‘चा’ थेट चिकटतो आणि अर्थ होतो ‘तिथला, त्या ठिकाणचा’, अगदी ‘तत्रत्य’सारखा. ‘घराचं जेवण’ कुणी मराठी माणूस म्हणत नाही. आजचा, कालची, वरचं, मागचे यांत तर ‘चा’च्या आधी अव्ययंच आहेत, विभक्ती लागावी असं नामसुद्धा तिथे नाही.

‘माझा’मध्ये ‘चा’ का नाही, हा प्रश्न मुलं विचारतात आणि त्याचं उत्तर देता येतं. संस्कृत ‘मह्यम्’ (मला) प्राकृतात ‘मज्झ’ झालं. प्राकृतात चतुर्थीचं काम षष्ठी करू लागली होती, त्यामुळे ‘मज्झ’ म्हणजे ‘मला’ही आणि ‘माझं’ही. त्यालाच लिंगवचनाचे प्रत्यय लागून माझा-माझी-माझे तयार झाले, तुज्झवरून तुझा. संबंध त्यात आधीच भरलेला असल्यामुळे ‘चा’ची गरज पडली नाही.

यावरून ‘माझा हे सर्वनाम’ याचाही निकाल लागतो. ‘माझं पुस्तक’मध्ये ते विशेषणाचं काम करतं, शाळेच्या व्याकरणात यालाच सार्वनामिक विशेषण म्हणतात. ‘माझं हरवलं’ म्हटलं की तेच नामासारखं एकटं उभं राहतं. आणि ‘माझ्यावर’, ‘माझ्याशी’, ‘माझ्यात’ यांत ‘माझ्या’ संबंधही दाखवत नाही. तिथे ते केवळ ‘मी’चं सामान्यरूप आहे. तृतीय पुरुषात तर हा फरक कामाचा ठरतो. ‘त्यावर विचार करू’ हे गोष्टीबद्दल, ‘त्याच्यावर विश्वास आहे’ हे बहुधा माणसाबद्दल. शब्दाची जात तो वाक्यात काय करतो यावरून ठरवावी. आठ जातींचे आठ डबे मराठीत इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर १९व्या शतकात आले. ‘निरुक्त’ लिहिणाऱ्या यास्काकडे चार होते (नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, निपात म्हणजे अव्यय), पाणिनीला सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय लागणारी) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागणारी) ही दोनच पुरली. डबे सोयीसाठी आहेत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

‘आपला’बद्दल तक्ता अर्धवट आहे. ‘आपलं नाव काय?’मध्ये तो आदरार्थी, हे बरोबर. पण ‘आपला देश’मध्ये ऐकणारा धरून सगळे येतात, ‘आमचा देश’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो. तिसरा वापर सर्वांत महत्त्वाचा आणि हल्ली सर्वांत दुर्लक्षित: कर्त्याकडे परत वळणारा. ‘रमेशने आपली वही उघडली’ म्हणजे रमेशचीच वही. ‘रमेशने त्याची वही उघडली’ म्हटलं की ती दुसऱ्या कुणाची असू शकते. बातम्यांत ‘आरोपीने त्याच्या भावाच्या घरी त्याची गाडी ठेवली’ असं येतं तेव्हा गाडी आरोपीची की भावाची, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. ‘आरोपीने आपली गाडी भावाच्या घरी ठेवली’ लिहिलं की प्रश्न मिटतो, आणि एक शब्दही वाचतो.

राहिलं ‘हॅव’. असं क्रियापद रोजच्या वापरात नसणं ही उणीव म्हणायची, तर अरबी, रशियन, फिनिश, तुर्की या सगळ्याच उण्या ठरतील. त्यांतही रोजच्या बोलण्यात ‘माझ्याजवळ आहे’, ‘माझं आहे’ अशाच रचना चालतात. आणि मालकी हक्क नेमका सांगायला मराठीला कधी अडचण आली नाही. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा मिरासदार आणि तसा हक्क नसलेला उपरी, हा भेद मराठी कागदपत्रांत पक्का आहे. त्यावरून पिढ्यान्पिढ्या वाद चालले, तेही मराठीतच.

‘माझ्याकडे आहे’ सरसकट वापरायचा सल्ला मात्र नुसता अपुरा नाही, तो अर्थ बदलून टाकतो. मराठी इथे बारीक वाटण्या करते. नात्याला ‘ला’: मला दोन मुलं आहेत. अवयवाला किंवा भागालाही ‘ला’: घराला तीन दारं आहेत, टेबलाला चार पाय आहेत. दुखण्याला आणि अवस्थेला ‘ला’: मला ताप आहे, मला वेळ आहे. गुण असेल तर ‘त’: तिच्यात हिंमत आहे. हाताशी, ताब्यात असलेल्या वस्तूला ‘कडे’, आणि आत्ता अंगाजवळ असेल तर ‘जवळ’: माझ्याजवळ सुटे नाहीत.

आता तक्त्याप्रमाणे बोलून बघा. ‘माझ्याकडे दोन मुलं आहेत’ हे वाक्य पाळणाघर चालवणाऱ्या बाईंच्या तोंडी शोभेल. आई म्हणाली तर ऐकणारा विचारेल, कुणाची? ‘मला काम आहे’ म्हणजे मी गुंतलो आहे, ‘माझ्याकडे काम आहे’ म्हणजे तुम्हाला हवं असेल तर देऊ शकतो, आणि ‘माझं तुमच्याकडे काम आहे’ म्हणजे मलाच तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. शेतीच्या बाबतीत तर जपूनच. ‘त्याच्याकडे चार एकर शेती आहे’ हे वाट्याने कसणाऱ्याबद्दलही खरं असू शकतं. ‘ती चार एकर शेती त्याची आहे’ म्हटलं की सातबाऱ्यावर नाव कुणाचं, ते बघावं लागतं.